‘०.९९ सेंट’ म्हणजे नव्व्याण्णव सेंट नव्हेत

अमेरिकेतील किमती मराठी मजकुरात देताना नव्व्याण्णव सेंट ही रक्कम $०.९९, ९९¢ की ०.९९¢ अशी लिहावी आणि चिन्हाबरोबर ‘डॉलर’ हा शब्दही द्यावा का, असे एका वाचकाने विचारले आहे.

पहिली दोन रूपे बरोबर आहेत, तिसरे चूक आहे. दशांशचिन्हाच्या दोन्ही बाजूंचे अंक सोबतच्या चिन्हाने सांगितलेल्या एककातच मोजले जातात, त्यामुळे ०.९९¢ याचा अर्थ एक सेंटही पुरता नाही, असा होतो. अशी पाटी वाचून एखाद्या चिकित्सक गिऱ्हाइकाने एक सेंट पुढे करून वस्तू मागितली, तर दुकानदाराला हुज्जत घालायला जागा उरत नाही. आपल्याकडे ‘०.५० पैसे’ लिहिणारे हीच चूक करतात. तेथे ‘५० पैसे’ किंवा ‘₹०.५०’ हवे.

पूर्ण डॉलर नसेल तेव्हा दशांशचिन्हाआधी शून्य अवश्य द्यावे, कारण छपाईत टिंब पुसट उमटले की $.९९ चे $९९ व्हायला वेळ लागत नाही. टिंबानंतर दोन अंक असावेत: $३.५ असे लिहिल्यास घाईत वाचणारा तीन डॉलर पाच सेंट समजू शकतो, आणि ती रक्कम तर $३.०५ अशी लिहायची असते.

इंग्रजीत $ अंकाआधी आणि ¢ अंकानंतर येते. एकाच रकमेला दोन्ही लावत नाहीत. (कॅनडातील फ्रेंच लेखनात मात्र ३,५० $ असे, स्वल्पविराम देऊन आणि चिन्ह शेवटी ठेवून लिहितात.) ‘$५ डॉलर’ ही उघड द्विरुक्ती आहे. माझ्या मते मराठीच्या सलग मजकुरात ‘३.५० डॉलर’ किंवा ‘३ डॉलर ५० सेंट’ असे लिहावे आणि चिन्हे तक्त्यांसाठी ठेवावीत.

सेंटचा अपूर्णांक खरोखरच अभिप्रेत असतो, असे एक ठिकाण मात्र आहे. अमेरिकेतील पेट्रोलपंपांवर $३.४९ अशा दराला लागून बारीक ९/१० लिहिलेले असते. तो सेंटचा नऊ दशांश भाग होय. १७९२च्या नाणेविषयक कायद्यात डॉलरच्या हजाराव्या भागाला ‘मिल’ म्हटले आहे, त्या हिशेबाने हे नऊ मिल झाले. हा दर $३.४९९ असा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे योग्यच आहे. दहा गॅलनांचे बिल मात्र $३४.९९ असे दोनच स्थळांत लिहायचे.