माइक बंद झाल्यावर विचार

पंचवटी, नाशिक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

म्युनिकला जाऊन आठ महिने झाले आणि वसतिगृह, विद्यापीठ नि किराण्याचं दुकान सोडून काही पाहिलं नाहीस म्हणतेस. आता मैत्रिणी नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्याच्या एका दिवसाच्या सहलीला बोलावतायत, तर तुझा प्रश्न काय? ‘गाईडच्या मागे मेंढरासारखं हिंडायचं का, काका?’ अगं, बावीस वर्षं मी नाशिक दर्शनाच्या गाडीत माइक धरून उभा होतो. मेंढपाळालाच विचारतेस होय!

जा. एकटीनं भटकायला पुढे वेळ आहे. मात्र पैसे भरण्याआधी वाड्याच्या आतलं तिकीट त्यात धरलंय का ते बघ; पुष्कळ सहलींत ते वेगळं असतं. त्यावर आत शिरायची वेळ असते, ती चुकली की तिकीट गेलं. आतली फेरी जेमतेम अर्ध्या तासाची, तीही वाड्याच्याच गाईडबरोबर, आणि आत फोटो काढू देत नाहीत. खालून वर चालत जायला ३०-४० मिनिटं. पांडवलेण्याच्या पायऱ्या तू एका दमात चढायचीस, तुला त्याचं काय! कॅलेंडरवरचा तो फोटो मारीएनब्रुके पुलावरून घेतात, पण बर्फ पडलं की पूल बंद करतात, तेव्हा त्यासाठी रुसून बसू नकोस. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ ठेव. रविवारी निघणार असशील तर डबा घरूनच ने, कारण तिकडे रविवारी दुकानं बंद.

आणि बसमध्ये पुढच्या सीटवर बस. हे मी का सांगतो ते ऐक.

गाईडची एक माळ ठरलेली असते. रामकुंड, सीता गुंफा, काळाराम, मग पांडवलेणी. कुठे हसवायचं, कुठे हात जोडायला लावायचे, सगळं पाठ. पांडवलेण्यात पांडव राहिले, असं मीसुद्धा ठोकून द्यायचो. खरं तर ती बौद्ध लेणी. भिंतीवर क्षत्रप राजा नहपानाच्या जावयानं, उषवदातानं दिलेल्या दानांचा लेख आहे, सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्रीचा आहे. पांडवांचं नाव कुठे नाही. पण लोक खूश व्हायचे, म्हणून आम्ही सांगायचो. ती थाप तशी निरुपद्रवी.

काळारामाचं तसं नव्हतं. काळ्या पाषाणाची मूर्ती, सरदार ओढेकरांनी बांधलेलं मंदिर, एवढं सांगून मी गाडीकडे वळायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांच्या मागे दरवाजापाशी थांबले. मी ‘चला, चला’ केलं. ते शांतपणे म्हणाले, ‘२ मार्च १९३० चं काही सांगणार नाही का?’ बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह. याच दारासाठी. पुढे काही वर्षं चाललेला. मला माहीत नव्हतं असं नाही गं. पंचवटीतच वाढलो मी. पण गाडीत यात्रेकरू, कुणाला आवडेल, कुणाला नाही, म्हणून मी तो मणी माळेतून काढूनच टाकला होता. त्या दिवशी गाडीत परत चढल्यावर माइक हातात घ्यायला जड झाला. दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागलो. एक-दोन प्रवाशांनी तोंडं वाकडी केली, केली.

म्हणून सांगतो, गाईड जे सांगते ते मन लावून ऐक, आणि तिनं काय गाळलं ते शोध. माइकवर नको विचारूस, चारचौघांत तिची पंचाईत होते. माइक बंद झाला, ती पाणी प्यायला बसली, की विचार. गाईड लोक तेव्हाच खरं बोलतात. पुढच्या सीटचा फायदा तो एवढाच.

नॉयश्वानस्टाइनपुरतं तुला एक सूत्र देऊन ठेवतो. १८६९ मध्ये बांधायला घेतलेला तो वाडा बव्हेरियाच्या राजा लुडविगच्या हयातीत पुरा झालाच नाही. सिंहासनाचं दालन बघशील, त्यात सिंहासन नाही. १८८६ च्या जूनमध्ये राजा वेडा ठरवून पदावरून काढला गेला आणि काही दिवसांतच तळ्यात मेलेला सापडला. सात आठवड्यांत वाडा तिकीट लावून लोकांना खुला! बसमध्ये ‘वेड्या राजाची’ गोष्ट रंगवून सांगतील, तेव्हा तू हसू नकोस. त्याला वेडा ठरवणाऱ्या डॉक्टरांनी त्याला स्वतः तपासलंच नव्हतं. लोकांच्या जबान्यांवरून अहवाल लिहिला होता. आणि त्या अहवालावर पहिली सही ज्याची, तो डॉक्टर गुडेनही त्याच संध्याकाळी त्याच तळ्यात मेला.

हे तुझी गाईड आपणहून सांगते, की विचारल्यावर, की विचारूनही टाळते, ते मला फोनवर कळव. आईला सांगितलंय, तुझ्यासाठी गुळपोळ्या पाठवणार आहे.

तुझा
काका