पालिकेतून पर्वरीला जाताना

बाय, पहिल्याच खेपेला नगराध्यक्षा झालीस, अभिनंदन. आता आमदारकीचं, पर्वरीच्या गोवा विधानसभेत जायचं मनात आहे म्हणतेस, म्हणून पंधरा वर्षं नगरसेवक राहिलेल्या माणसाचं थोडं ऐक.

ही खुर्ची लोकांनी थेट दिलेली नाही, नगरसेवकांनी दिली आहे. अविश्वास ठराव आला की गेलीच. माझी अशीच गेली. सकाळी माझ्याकडे चहा प्यायलेला सहकारी दुपारी विरोधात हात वर करून बसला होता. फार लागलं मनाला. पण दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तर मासळीवाली म्हणाली, "सोपोची, बाजारात बसायच्या कराची पावती तुम्हीच सुरू केलीत, ती बंद होऊ देऊ नका." माझी खरी कमाई तीच.

गोव्यात 40 मतदारसंघ, एकेकात साधारण 25 ते 30 हजार मतदार. इथे प्रत्येक घर मोजावं लागतं. 2022 मध्ये साखळीचे नगराध्यक्ष राहिलेले धर्मेश सगलानी थेट मुख्यमंत्र्यांसमोर उभे राहिले आणि फक्त 666 मतांनी हरले. एका छोट्या पालिकेतलं काम माणसाला कुठवर नेतं बघ!

मात्र मतदारसंघ पालिकेच्या हद्दीपाशी संपत नाही. आजूबाजूच्या पंचायतींत तुझं गटार नाही, तुझा दिवा नाही, तिथे तुला कोण ओळखतं? आतापासून वाड्यावाड्यांवर जा, जत्रेला जा, मयताला तर नक्की जा. पक्षाच्या तिकिटाचं नंतर बघू. आधी मेअखेर बाजारातलं गटार स्वतः उभी राहून उपसून घे.