शेतात मेटल डिटेक्टरने सापडलेला, खाली चीर असलेला हा पोकळ गोळा काय असावा?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या बर्कशर परगण्यात एका शेतात, मालकाची परवानगी घेऊन मशीन फिरवताना अक्रोडाएवढा हिरवट, पोकळ गोळा सापडला. वर चौकोनी कडी, खाली लांब चीर, चिरेच्या दोन्ही बाजूंना ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरं, हलवला की आत खडखडतं. रोमन आहे का, की जुना हातबॉम्ब, असं विचारलंय.

दोन्ही नाही. ते घोड्याच्या साजावर लावायचं घुंगरू आहे. इंग्लंडमध्ये त्याला ‘क्रोटल बेल’ म्हणतात आणि मशीन फिरवणाऱ्यांना नांगरलेल्या शेतात ती बऱ्यापैकी सापडतात. आपल्याकडे बैलांच्या घुंगरमाळेत असतं तसंच, फक्त जाड आणि ओतीव. तिथले गावरस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. समोरासमोर आलेल्या, माल वाहणाऱ्या दोन घोडागाड्यांना बाजू द्यायला जागा नसायची. घुंगरांचा आवाज लांबून आला की दुसरा गाडीवान रुंद जागा बघून थांबायचा.

तुमच्या तुकड्यातली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे ती दोन अक्षरं. ती ओतारी कारखान्याची खूण असते. ‘आर डब्ल्यू’ म्हणजे बहुधा रॉबर्ट वेल्स, विल्टशरमधल्या ऑल्डबर्न गावचे घंटा ओतणारे. हे गाव बर्कशरला लागूनच आहे. रॉबर्ट वेल्स यांचं काम 18व्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे घुंगरू साधारण सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचं धरा. भिंगाखाली नीट बघा: चिरेभोवती आणि वरच्या अर्ध्या भागावर पाकळ्यांसारखी, सूर्यकिरणांसारखी नक्षी दिसली तर शंका आणखी कमी होईल. वरच्या बाजूला दोन छोटी भोकंही असतील. कमरेवर उठलेली रेघ असेल तर तो साच्याच्या दोन भागांचा सांधा.

आतली गोळी चिरेतून बाहेर का पडत नाही, हा प्रश्न तुम्हाला नक्की पडला असेल. ती मागाहून घातलेलीच नसते. मातीच्या गोळ्यात लोखंडी गोळी आधीच पुरायची, भोवती साचा करायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा. थंड झाल्यावर चिरेतून माती उकरून काढली की गोळी आत मोकळी. लोखंड असल्यामुळे जमिनीत ती बहुतेकदा गंजून चिकटते किंवा पार संपते. तुमची अजून वाजतेय, हे फार छान आहे.

आता कळकळीची विनंती. आपल्या घरी तांब्या-पितळेचं काही काळवंडलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. इथे चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर अजिबात नको. तो हिरवा थर घासला तर अक्षरं आणि नक्षी कायमची जाईल. चिकटलेली माती लाकडी काडीने हलकेच काढा आणि घुंगरू कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. पाण्यात बुडवू नका, आतली गोळी गंजेल. पुढे कधी फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर मात्र जाणकाराला दाखवा.

एकटं घुंगरू 1996च्या ट्रेझर ॲक्टखाली, म्हणजे तिथल्या गुप्तधनाच्या कायद्याखाली, येत नाही, त्यामुळे कॉरोनरला (अशा धनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायची गरज नाही. तरी तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, जरूर दाखवा. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या अशा वस्तूंच्या नोंदणी योजनेत ते फोटो आणि जागेसकट नोंदवतील. विकायला गेलात तर किंमत फार येणार नाही, पण कुठल्या शेतात, किती खोल सापडलं ही माहिती गेली की ती परत मिळत नाही. जुने गाडीरस्ते कुठून जात होते हे अशाच नोंदी जुळवून कळू शकतं. आणि मालकाला आधी सांगा. उलट करार नसेल तर अशी वस्तू त्याची असते.

दिवाळीत मशीन साताऱ्याला नेऊन गडावर फिरवायचा विचार आहे, असंही लिहिलंय. कृपा करून नको. संरक्षित गडकोटांवर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात जरी जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं, तरी 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

चिरेच्या बाजूचा एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, टाकाल का? काहींवर अक्षरांजवळ आकाराचा आकडाही असतो, तो वाचता येतोय का बघू.