झोप लागताना हात फुगतात, खोली लांब जाते: डॉक्टरांना सांगताना माझी चूक करू नकोस

तुझी पोस्ट काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. बडोद्यात करेलीबागेतल्या हॉस्टेलवर आल्यापासून चार महिने डोळा लागता लागता बोटं लोडाएवढी जाड वाटतात, छत वर वर जातं, शेजारच्या पलंगावर फोनवर बोलणाऱ्या रूममेटचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मेंदूत गाठ असेल की वेड लागतंय, असं विचारलंयस. त्यात सीएची परीक्षा तोंडावर. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मला हे सातव्या वर्षापासून होतं. दांडिया बाजारातल्या वाड्यात आम्ही भावंडं एका ओळीत झोपायचो. चिमटीत राईचा दाणा धरलाय असं वाटायचं, आणि बघता बघता तो वरवंट्याएवढा व्हायचा, तरी चिमटीतच असायचा. दाणाही तोच आणि वरवंटाही तोच. जीभ तोंडात मावायची नाही. घड्याळाची टिकटिक कुणी रागारागाने बोलावं तशी घाईची व्हायची. आजीने दृष्ट काढली, उशाखाली अडकित्ता ठेवला. अडकित्त्याच्या गार लोखंडाला हात लावला की बोटं पुन्हा आपल्या मापाची व्हायची, हे मात्र खरं.

वेळेवर झोप, रात्री चहा नको, मोबाइल लांब ठेव, हे तुला माहीत असणारच. मला सांगायचंय ते वेगळं. डॉक्टरांपुढे किंवा कुठल्याही कागदावर नुसता ‘भास’ हा शब्द वापरू नकोस. त्या एका शब्दापायी माझी नोकरी गेली.

2006 ची गोष्ट. एका निमसरकारी कार्यालयात माझी निवड झाली होती, फक्त वैद्यकीय तपासणी बाकी होती. फॉर्मवर प्रश्न होता, तुम्हाला कधी भास होतात का? खोटं कशाला लिहायचं म्हणून मी लिहिलं, ‘हो, लहानपणापासून.’ झोप लागताना, एवढे दोन शब्द लिहिले नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “आवाज येतात?” म्हटलं, “येतात.” “कुणाचे?” “आईचा येतो, लांबून.” झालं. अगं, आई पलीकडच्या स्वयंपाकघरात खरोखरच बोलत असायची! आवाज खरा होता, मला तो लांबून आल्यासारखा वाटायचा इतकंच. असलेली गोष्ट वेडीवाकडी जाणवणं आणि नसलेली गोष्ट जाणवणं यांत फार अंतर आहे. डॉक्टर लोक हा फरक फार महत्त्वाचा मानतात, पण आपण तो सांगितला तरच त्यांना कळणार.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, ‘तात्पुरत्या अपात्र’. मानसोपचार तज्ज्ञांचं प्रमाणपत्र आणा. आणलं. खाजगी चालत नाही म्हणाले. सरकारी आणलं, तर त्यावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. नंतर फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. खिडकीवरचा माणूस दर खेपेला म्हणायचा, “बेन, काले आवजो,” म्हणजे ताई, उद्या या. सात महिने मी त्या जिन्यावर बसून काढले. डबा घेऊन जायची, कारण जेवणाची सुट्टी कधी संपेल त्याचा नेम नसायचा. आठव्या महिन्यात कळलं की प्रतीक्षा यादीतली पुढची मुलगी रुजू झाली. तिच्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की एकाही माणसाने मला ‘हे कधी होतं?’ एवढं विचारलं नाही, आणि मलाही ते आपण होऊन सांगायचं सुचलं नाही. मधल्या काळात त्याच कागदाच्या जोरावर कुणीतरी गोळ्या सुरू केल्या. दिवसभर गुंगी, आणि गुंगीमुळे हातांचं फुगणं दुपारीही सुरू झालं. तुला कुणी पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे, हा माझा हट्टच समज. मात्र एखादी गोळी आधीच चालू असेल तर ती मनाने बंद करू नकोस, तेही धोक्याचं.

शेवटी सुटका केली ती एका वयस्कर न्यूरॉलॉजिस्टनी. त्यांचे प्रश्न असे होते. डोळे मिटलेले असतात की उघडे? उठून दिवा लावला की जातं का? भर दिवसा, कामात असताना कधी झालंय? घरात कुणाची अर्धशिशी आहे? आईची होती, मलाही पुढे सुरू झाली. रात्रभर जागवून दुसऱ्या दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढला, तो नॉर्मल आला. मग त्यांनी समजावलं की वस्तू किंवा स्वतःचं अंग लहानमोठं जाणवणं याला ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम म्हणतात. टॉड नावाच्या ब्रिटिश मानसोपचार तज्ज्ञाने 1955 साली हे नाव दिलं, अर्धशिशीवाल्यांत ते दिसतं, आणि मुलांमध्ये कधी कधी विषाणूच्या तापानंतरही. झोप लागताना हात, तोंड आणि त्वचेपाशी काहीतरी प्रचंड येत असल्यासारखं वाटणं, याचं वर्णन तर व्हिएन्नाचे मनोविश्लेषक इसाकोवर यांनी 1938 मध्येच केलंय. ते कळलं त्या रात्री मी कितीतरी वर्षांनी शांत झोपले.

झोपेच्या उंबरठ्यावर काहीबाही दिसणं, ऐकू येणं तर अगदीच सर्रास आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत जवळपास 5000 लोकांपैकी 37 टक्क्यांनी झोप लागताना असे अनुभव येतात असं सांगितलं होतं. यामागचं कारण मला समजलंय ते असं. सगळा मेंदू एकदम झोपत नाही. बाहेरची खबर आत पोचवणारा थॅलॅमस आधी मंदावतो, आणि मेंदूचा वरचा थर काही मिनिटं जागा राहतो. 2010 मध्ये मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवर हे मोजलं गेलंय. शरीराची खबर येणं बंद झालं की तो जागा थर आपल्याजवळच्या नकाशावरून अंदाज बांधत असावा, आणि त्या नकाशात हात, ओठ, जीभ यांनी मुळातच पाठ-पोटापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापलेली असते. हा दुसरा भाग माझा तर्क आहे, तो डॉक्टरांच्या तोंडी घालू नकोस. पण अडकित्त्याचं गार लोखंड का उपयोगी पडायचं ते मला त्यातून उमगलं: खरी खबर पुन्हा पोचायची. आता मी पलंगाच्या लोखंडी कडेला बोटं लावते, बोटं एकेक करून हलवते, डोळे उघडून खुंटीवरच्या पिशवीकडे बघते. अर्ध्या मिनिटात जातं. भीती नसेल तर काहीच करू नये, बघत पडून राहावं, झोप येते.

मी डॉक्टर नाही, मकरपुऱ्यात एका कारखान्याचे हिशेब लिहिते. तेव्हा यावर विसंबून तपासणी टाळू नकोस. पुढच्यापैकी काही असेल तर उद्याच जा: दिवसा, जागेपणी होणं, मधला वेळ आठवत नसणं, जीभ चावली जाणं, अंगाच्या एकाच बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा, किंवा पहिल्यांदाच झालेली जोराची डोकेदुखी. दिवसा बसल्या बसल्या झोपेचे झटके येत असतील आणि खळखळून हसताना गुडघ्यातलं बळ जात असेल, तर तेही सांग, नार्कोलेप्सी तपासावी लागते. तोवर ॲक्टिव्हा चालवू नकोस. तू लिहिलंयस त्यात यातलं काही दिसत नाही, पण पोस्टमध्ये सगळं येतंच असं नाही.

जाण्याआधी दोन आठवडे एक वही लिही. किती वाजता पडलीस, पाठीवर की कुशीवर, डोळे मिटलेले की उघडे, किती वेळ टिकलं, दिवा लावल्यावर गेलं का, त्या दिवशी डोकं दुखलं का, आदल्या रात्री किती तास झोप झाली. पाळीच्या तारखाही लिही, अर्धशिशीचा त्यांच्याशी संबंध असतो. डॉक्टरांसमोर बसलीस की पहिलं वाक्य असंच म्हण: “झोप लागताना, डोळे मिटल्यावर, माझे हात मोठे झाल्यासारखे वाटतात, आणि ते खरं नाही हे मला त्या वेळीही कळत असतं.” हे शेवटचं विसरू नकोस. त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

नवरात्र येतंय म्हणून एक सांगते. माझ्या वहीत सगळ्यात वाईट नोंदी दरवर्षी याच नऊ रात्रींच्या आहेत. गरब्याहून एक वाजता परतायचं, वाटेत शेव-उसळ, वर चहा, आणि सकाळी सातला पुन्हा उठायचं. तिसऱ्या-चौथ्या रात्री पडल्या पडल्या कानात धाडकन दार आपटल्यासारखा आवाजही झालाय. तोही जागरणातून होऊ शकतो, दुखत नाही, पण पहिल्यांदा माणूस घाबरून उठून बसतो. गरबा सोड असं बडोद्यात राहून मी म्हणणार नाही. एक रात्र आड जा, आणि पाठीवर झोपू नकोस. निदान मला तरी कुशीवर कमी होतं.

रूममेटला सांगू का, असं शेवटी विचारलंयस. सांग, आणि आजच सांग. ‘झोपताना मी अचानक उठून बसले तर दिवा लाव आणि माझ्या हाताला हात लाव’ एवढंच. माझ्या धाकट्या बहिणीला मी नवव्या वर्षी हे सांगितलं होतं. ती काही न विचारता अंधारात माझा अंगठा धरून ठेवायची.