वाडीच्या रस्त्यावर बोलायचंय? आधी अर्ज टाक

गणपतीत गावी आलास की तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गावरून घसा कोरडा करू नकोस. त्यावर सगळेच शहाणे. आपल्या वाडीच्या रस्त्यापासून सुरुवात कर. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘रस्ता का उखडला?’ असं विचारलंस तर हाती काही लागणार नाही. अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा हुकूम) आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) प्रत माग. पुस्तिकेत खडीचा थर किती जाडीचा दाखवलाय ते बघ, मग टेप घेऊन उखडलेल्या कडेला मोज. ग्रामसभेत पुस्तिकेतला आकडा आणि तू मोजलेला आकडा, तेवढंच वाचायचं. पक्षाचं नाव काढलंस की समोरचा सुटला! ग्रामसेवकावर (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) मात्र डाफरू नकोस, कागद त्याच्याकडूनच यायचेत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील टाक, म्हणजे त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे दाद माग.