ती आपल्याकडे बघते तेव्हा

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. तारुण्य, वासना, बंधनं झुगारणारी माणसं हे सगळं आडपडदा न ठेवता मांडणारे कलात्मक चित्रपट मला ओढून घेतात. बघताना अस्वस्थ होते, तरी पुढचा शोधतेच. मैत्रीण म्हणते, ‘कलेच्या नावाखाली नुसता उघडेपणा.’ मला त्यात नेमकं काय भावतं? आणि तिला काय सांगू?

उत्तर : ही अस्वस्थता लपवू नका, तुमची ओढ तिच्यातच आहे. नेहमीच्या चित्रपटात कुणाच्या मनात इच्छा जागली, की तिचा निकाल लगेच लागतो : लग्न, नाहीतर शिक्षा. तुम्हाला आवडणारे चित्रपट हा निकाल लांबवतात, कधी देतच नाहीत.

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा १९५३ चा ‘समर विथ मोनिका’ बघा. दोन तरुण जीव रटाळ नोकऱ्या टाकून होडीतून स्टॉकहोमजवळच्या बेटांवर पळून जातात. उन्हाळा सरतो, खायचे हाल होतात, शहरात परतावं लागतं. मग मूल, पैशांची चणचण, भांडणं. पुढे नवऱ्याला सोडून परपुरुषासोबत बसलेली मोनिका सिगारेट ओढता ओढता थेट कॅमेऱ्यात बघते. मागचं सगळं काळोखात बुडत जातं, मोनिका साकारणाऱ्या हॅरिएट अँडरसनचा चेहरा तेवढा उरतो. त्यावर ना पश्चात्ताप, ना विनवणी. मी त्या नजरेपुढे आजही अवघडते. तोवर मी तिला जोखत असते, आणि अचानक तीच मला जोखू लागते.

हाच चित्रपट १९५५ मध्ये एका अमेरिकी वितरकाने कापून सुमारे ६२ मिनिटांवर आणला, त्यावर नवं संगीत चढवलं आणि ‘मोनिका, एका वाईट मुलीची गोष्ट’ अशा अर्थाचं नाव देऊन विकला. मुलगी कशी आहे, हे प्रेक्षक खुर्चीत बसायच्या आधीच ठरलं! बर्गमन ते आपल्यावर सोडतो. मैत्रिणीला हे एवढं जरूर सांगा.

मात्र तिचा आक्षेप उडवून लावू नका. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) करताना त्याची नायिका मारिया श्नायडर अवघी १९ वर्षांची होती. त्यातल्या बलात्काराच्या प्रसंगातला एक तपशील संहितेत नव्हता. तो तिला चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर सांगण्यात आला. आपला अपमान झाला, असं तिने २००७ मध्ये सांगितलं. तिची प्रतिक्रिया अभिनेत्रीची नको, एका मुलीची हवी होती, असं दिग्दर्शक बर्नार्डो बर्तोलुची नंतर म्हणाला.

मला याचा संताप येतो. पात्राने मर्यादा ओलांडणं वेगळं आणि नटीची मर्यादा तिला न विचारता ओलांडणं वेगळं. आता अनेक ठिकाणी अशा दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे नटांच्या संमतीची काळजी घेणारी माणसं, असतात, प्रत्येक हालचाल आधी ठरते, आणि त्याने पडद्यावरची धग कमी झालेली मला तरी दिसली नाही. ‘लास्ट टँगो’ मात्र मी आता कुणाला सुचवत नाही.