कुत्रा हवाय, पण शिंकांचं काय?

प्रश्न: ताई, लेक कधीपासून कुत्र्यासाठी मागे लागलीय. पण बहिणीच्या लॅब्रेडॉरजवळ बसलं की मला शिंका सुरू, डोळे लाल. पेटशॉपवाला म्हणतो शिटझू घ्या, केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होणारच नाही. नवरा म्हणतो होईल सवय. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अहो, आधी त्या पेटशॉपवाल्याला पैसे देऊ नका! अ‍ॅलर्जी केसांची नसतेच मुळी, ती असते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची, कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते आणि ते सगळं घरभर उडतं, मग केस गळोत नाहीतर न गळोत. 2012 मधे नेदरलँड्समधे तपासलं तर पूडल, लॅब्राडूडल अशा 'अ‍ॅलर्जी न करणाऱ्या' म्हणून खपवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रोटीन उलट जास्तच निघालं. आणि सवय होईल या भरवशावर तर राहूच नका, काहींचा त्रास वाढत जातो.

आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे टेस्ट करा. कदाचित त्रास कुत्र्याचा नसून बहिणीच्या सोफ्यातल्या डस्ट माइट्सचा, म्हणजे धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा असेल, आपल्या दमट हवेत ते भरपूर. त्वचेची टेस्ट असेल तर सेट्रिझिनसारख्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारा. रक्ताच्या टेस्टमधे कुठल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी तेही कळू शकतं, आणि इथे एक गंमत आहे, त्यातलं कॅन एफ 5 नावाचं प्रोटीन फक्त नराच्या प्रोस्टेटमधे तयार होतं, म्हणजे फक्त त्याचीच अ‍ॅलर्जी निघाली तर मादी चालून जाऊ शकते. हे पेटशॉपमधे कोणी सांगणार नाही.

टेस्टनंतरही हौस टिकली तर थेट विकत न घेता एखादं इंडी, म्हणजे आपलं देशी पिल्लू थोडे आठवडे फॉस्टर करून, म्हणजे तात्पुरतं सांभाळून बघा, लेकीला आधीच सांगून ठेवा की परत द्यावं लागू शकतं, नाहीतर रडारड ठरलेली. बेडरूममधे त्याला नो एन्ट्री, हवेतले बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर लावा. आंघोळीने फरक पडतो पण दोन-चार दिवसच. (वन बीएचकेत हे नियम कितपत पाळले जातात ते तुम्हीच ठरवा.) नाकातला स्प्रे डॉक्टर देतील, इम्युनोथेरपीही (थोड्या थोड्या डोसने अ‍ॅलर्जी कमी करत नेणारी ट्रीटमेंट) असते पण ती 3 ते 5 वर्षं चालते.

छातीत घरघर होत असेल, दमा असेल, तर मात्र फॉस्टरसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.